वाटेवरचा मुरूम

आमच्या गृहसंकुलाच्या कुंपणभिंतीत पश्चिमेला एक उघडी जागा होती. तिला फाटक नव्हते, दार नव्हते, चौकटही नव्हती. दोन माणसे शेजारी-शेजारी जाऊ शकतील एवढ्या रुंदीची भिंत बिल्डरने बांधलीच नव्हती, एवढेच. तशीच दुसरी उघडी जागा पूर्वेच्या भिंतीत, बस थांब्याच्या बाजूला होती. या दोन जागा जोडणारी रेघ काढली तर ती आमच्या इमारतीच्या मागून, मोटारींच्या रांगेसमोरून जात असे. त्या रेघेवरून पश्चिमेकडच्या वस्तीतली माणसे सकाळ-संध्याकाळ ये-जा करीत. त्यांत दप्तर पाठीला लावलेल्या मुली पुष्कळ असत.

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला रेघ दिसली की ती कोठून आली हे विचारल्याशिवाय राहवत नाही. मी नारायण पेठेतल्या मुलींच्या शाळेत भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवीत असे. नोकरी सांभाळून कायद्याची पदवी घेतली होती, आणि ज्या काळाविषयी लिहीत आहे त्या काळात गृहनिर्माणाचा कायदा आणि नगररचना यांवर प्रबंध लिहीत होते. विसावे शतक संपत आले होते. नदीपलीकडच्या गावांतली ज्वारी-हरभऱ्याची राने एकेक करून बिगरशेती होत होती. संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यांत काम करणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी आमच्यासारखी संकुले. मी आणि माझे यजमान पेठेतल्या दोन खोल्या सोडून तिकडे राहायला गेलो, तेव्हा नातेवाइकांनी आम्ही परदेशी निघाल्यासारखा निरोप दिला होता.

प्रबंधाचा प्रश्न मी घराच्या खिडकीतूनच उचलला. शेतांतून जाणाऱ्या वाटा असतात. त्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या की त्या वाटांचे काय होते? नकाशा मंजूर करणारे कार्यालय इमारतीची उंची पाहते, भोवतीच्या मोकळ्या जागा मोजते, पाण्याची टाकी तपासते. वाट जर गावनकाशावर तुटक रेघेने दाखवलेली असेल तर तीही पाहते. परंतु पुष्कळ वाटा नकाशावर नसतात. त्या केवळ पायांना ठाऊक असतात. आमच्या संकुलातली वाट अशीच होती. नकाशावर तिची रेघ असती, तर हे लिहिण्याचे कारणच उरले नसते.

नकाशाबाहेरच्या वाटेलाही कायदा अगदी वाऱ्यावर सोडत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क वापराने मिळू शकतो. आपल्याकडे त्याला वहिवाटीचा हक्क म्हणतात. त्यासाठी वापर वीस वर्षांचा लागतो, आणि तो उघड, शांततेचा, अखंड आणि हक्क म्हणून केलेला असावा लागतो. पहिल्या अटी समजायला सोप्या आहेत. शेवटची नाजूक आहे, आणि ती मी मुलींना अशी समजावून सांगत असे: वर्गाच्या दारात मुलगी विचारते, "बाई, आत येऊ का?" ती परवानगी आहे, बाई नाही म्हणू शकतात. परंतु आत आल्यावर ती आपल्या बाकावर जाऊन बसते, तेव्हा ती कोणाला काही विचारत नाही. तो बाक तिचा आहे. जो विचारून जातो त्याचा हक्क कधीच तयार होत नाही, मग तो पन्नास वर्षे का जाईना.

माझे मार्गदर्शक मंडईजवळ राहत. विधी महाविद्यालयातून ते निवृत्त झाले होते, पण विद्यार्थ्यांना घरी बोलावीत. प्रकरण वाचून झाले की पिशवी घेऊन भाजीला निघत, आणि राहिलेल्या सूचना मंडईत मेथीची जुडी निवडता निवडता देत. वस्तीतल्या लोकांच्या मुलाखतींचे प्रकरण वाचून त्यांनी चष्मा काढला, पिशवी घेतली आणि आम्ही मंडईत गेलो.

"किती वर्षे वापरतात म्हणाले ही वाट?"

"सगळे एकच सांगतात, सर. लई वर्षं."

"लई वर्षं! उत्तम. न्यायाधीशांनी विचारले, लई म्हणजे अठरा की बावीस, तर आपण काय सांगणार? मध्यम लई?"

मी मेथीची एक जुडी उचलून पुन्हा खाली ठेवली.

"बाई, तुम्ही त्यांना प्रश्न विचारता आणि ते तुम्हाला पाहुण्यासारखे उत्तर देतात. मत विचारणे सोडा. ती माणसे त्या वाटेचे काय करतात, ते पाहा." एवढे बोलून त्यांनी भाजीवाल्याला विचारले, "ही मेथी आजची आहे, की हिलाही लई दिवस झाले?"

मी पाहू लागले. लोक वाटेवरून चालत होते. याहून निराळे मला काही दिसत नव्हते. बिल्डरने संपूर्ण आवारात सिमेंटचे फरशी-ठोकळे बसवले होते, त्यामुळे वाट आणि आवार यांत रंगाचासुद्धा फरक नव्हता. हक्क आहे याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. पुराव्याला मात्र वाचा फुटत नव्हती.

अशात संकुलातल्या एका मोटारीचा बाजूचा आरसा कोणी काढून नेला.

आमचे सचिव तरुण होते, संगणक कंपनीत एका गटाचे प्रमुख. विदर्भातून शिकायला पुण्यात आले आणि येथेच राहिले. नळाला पाणी कमी आले तर स्वतः गच्चीवर चढून टाकी पाहणारे गृहस्थ. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. आरसा गेला त्या आठवड्यात ते घरोघर गेले आणि दोन्ही उघड्या जागा बंद करून भिंत पुरी करण्याचा प्रस्ताव सर्वांना समजावून आले. आमच्याकडेही आले.

"सिक्युरिटी इश्यू आहे मॅडम. पर्सनल काही नाही. पण उद्या काही मोठं झालं तर जबाबदार कोण?"

"आणि वस्तीतल्या मुलींनी शाळेला कसे जायचे?"

"हायवेनी. वॉलच्या बाहेरून रस्ता आहेच ना."

रस्ता होता. त्याला पदपथ नव्हता. भिंत आणि डांबर यांच्यामध्ये जी मातीची पट्टी होती तिच्यावर खडीचे डंपर उभे राहत, आणि सकाळी शाळेच्याच वेळी कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक त्या डंपरांना वळसा घालून जात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सचिवांना खाली घेऊन गेले आणि त्याच पट्टीवरून आम्ही दोघे चाललो. अर्ध्या अंतरावर एका बसने हॉर्न दिला आणि सचिव डंपरच्या चाकाला चिकटून उभे राहिले. परत येताना ते भिंतीला खेटून चालत होते. त्यांच्या मनाचा चांगुलपणा खरा होता, म्हणूनच पुढची अडचण झाली.

चार दिवसांनी ते हसतमुखाने आले. वाट बंद करायची नाही, असे समितीने ठरवले होते. पूर्वेला आणि पश्चिमेला फाटक बसवायचे, पहारेकरी ठेवायचा, आणि वस्तीतल्या प्रत्येकाला सोसायटीच्या खर्चाने फोटोचा पास द्यायचा. पास विनामूल्य. त्यांनी नमुना आणला होता: प्लॅस्टिकचे आवरण, वर सोसायटीचे बोधचिन्ह, मध्ये फोटोची चौकट, आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ, 'हा पास संस्था केव्हाही रद्द करू शकेल.'

"ती लाइन सगळ्याच पासवर असते मॅडम," ते म्हणाले. "आमच्या कंपनीच्या कार्डवर पण आहे."

ते गेल्यावर माझे यजमान म्हणाले, "झाले ना तुझ्या मनासारखे? मग चेहरा असा का?"

"पास घेतला की त्यांनी परवानगी मागितली असे होते," मी म्हणाले. "ज्या दिवशी पास घेतील त्या दिवसापासून ती वाट त्यांची राहणार नाही. ती आपली मेहेरबानी होईल. हे सचिव आहेत तोवर ठीक. पुढचे सचिव ती ओळ वाचतील."

"अगं, पण भिंत तरी टळली."

"टळली नाही. पुढे ढकलली."

पास सर्वसाधारण सभेत समारंभपूर्वक वाटायचे ठरले होते. त्याआधी वस्तीशी बोलणे भाग होते, म्हणून मी आमच्याकडे म्हशीचे दूध घालणाऱ्या मावशींकडे गेले. त्यांचे घर वस्तीच्या तोंडाशीच होते. दोन मुलगे, मोठी सून, शाळेत जाणाऱ्या दोन नाती, दारात तीन म्हशी. त्यांचे यजमान त्यांच्या म्हणण्याप्रमाणे "हायती पन नसल्यागत". मावशी मला 'बाई' म्हणत, कारण त्यांच्या नातीने मला तसे म्हणायला सुरुवात केली होती.

"मावशी, पास घेऊ नका," मी सरळच सांगितले.

"का वो?"

मी सांगितले. बाकाचे उदाहरण दिले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाल्या, "बाई, समदं खरं. पन फोटू फुकट काढून देत्यात. मी लग्नानंतर फोटू काढला न्हाई. परवा त्यो पोरगा कॅमेरा घिऊन आला तर डोईवर पदर घिऊन बसले. म्हनला, मावशी हसा. हसले बी."

"फोटो मी काढून देते."

"तुमचा फोटू आन् पासवरचा फोटू येक न्हाई. त्याच्यावर शिक्का असतुया. रेशनच्या हापिसात दाखवला तर मानूस खुर्ची देतो."

मोठी सून चुलीपुढून म्हणाली, "अन् आत्ती, केव्हाबी रद्द करनार म्हनत्यात ना?"

"रद्द करू द्या की. फोटू तर राहील आपल्याकडं!"

दोघी हसल्या. मीही हसले, पण काळजी घेऊनच परतले. माझ्या बाजूला कायदा होता, आणि ज्यांचा हक्क होता ती माणसेच तो प्लॅस्टिकच्या आवरणापुढे सोडायला आनंदाने तयार होती. मी रागावले नाही. ज्याला कोठल्याच कार्यालयात ओळख दाखवता येत नाही त्याला ओळखपत्राची ओढ वाटणारच. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नसतो. तो असायला हवा.

सभा रविवारी सकाळी, वाहनतळावर. खुर्च्या मांडलेल्या, समोर टेबल, टेबलावर अक्षरांच्या क्रमाने लावलेले पास आणि शेजारी पेढ्यांचा खोका. आमचे अध्यक्ष मूळचे नारायण पेठेतलेच, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी घड्याळ पाहिले.

"दहाची सभा दहाला सुरू होत आहे. साडेदहाला येणाऱ्यांनी पुढच्या सभेला साडेदहाला यावे. त्यांच्यासाठी ती निराळी ठेवू."

वस्तीतले लोक एका बाजूला उभे होते. खुर्च्या दिल्या तरी बसले नाहीत. मावशी नवे लुगडे नेसून आल्या होत्या. शेजारी जाऊबाई आणि मोठी सून. मावशींची नजर टेबलावरून हलत नव्हती.

सचिवांनी प्रास्ताविक केले आणि पहिला पास उचलला. मी उभी राहिले.

"अध्यक्षमहाराज, पास देण्यापूर्वी माझे म्हणणे ऐकून घ्यावे. हे पास देऊ नयेत."

मागून कोणीतरी म्हणाले, "आता यांना पासही नको!"

"बोला," अध्यक्ष म्हणाले. "पण आपण शिक्षिका आहात हे ध्यानात ठेवून, थोडक्यात."

मी थोडक्यात बोलले. ही वाट सोसायटीच्या आधीपासूनची आहे. लोक हक्काने जातात, सवलतीने नव्हे. ज्याचा हक्क आहे त्याला परवानगी देणे म्हणजे त्याचा हक्क काढून घेणे. सचिव शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, विथ रिस्पेक्ट, हक्काने जातात हे कशावरून? आम्ही अडवलं नाही म्हणून जातात. कर्टसी आहे आमची. आणि कर्टसीचा हे लोक काय उपयोग करतात ते पण सांगतो. मी बोलणार नव्हतो, पण विषय निघालाच आहे." त्यांचा आवाज चढला. "दर वर्षी नवरात्राच्या आधी हे लोक आपल्या आवारात मुरूम आणून टाकतात! चांगल्या पेव्हिंग ब्लॉक्सवर! पाट्याच्या पाट्या. हाउसकीपिंगवाल्यांना झाडायला अख्खा दिवस लागतो. सगळ्यांनी पाहिलंय."

"पाहिलंय, पाहिलंय," खुर्च्यांमधून आवाज आले. एक बाई म्हणाल्या, "माझ्या गाडीवर केवढी ती धूळ!"

मुरूम मीही पाहिला होता. नवे संकुल म्हणजे कोठे ना कोठे बांधकाम चाललेलेच. तसाच कोणा ठेकेदाराचा असेल, असे समजून मी त्याला वळसा घालून शाळेला जात असे. त्या क्षणी मार्गदर्शकांचे वाक्य आठवले, आणि पुढचे प्रश्न मला शोधावे लागले नाहीत.

"सचिवसाहेब, मुरूम कोण टाकते?"

"हेच लोक."

"चोरून टाकतात का?"

"चोरून कसलं! दिवसाढवळ्या! बायका ओळीने येतात डोक्यावर पाट्या घेऊन, वर गाणी म्हणत!"

"आवारात सगळीकडे टाकतात?"

"नाही ना, तेच तर! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सरळ पट्टा!"

"टाकण्यापूर्वी आपली परवानगी घेतात?"

"परवानगी? मॅडम, साधं विचारत नाहीत!"

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सचिवांकडे पाहून म्हणाले, "अहो, आपण कोणाच्या बाजूने बोलत आहात, हे एकदा त्यांनाच विचारून घ्या."

हशा झाला. तो विरण्याआधीच मावशी पुढे आल्या.

"काय म्हनायचं हाय तुमचं? मुरूम टाकायला कुनाला विचारायचं? वाट आमची हाय. पावसाळ्यात वाट वाहून जायची, मंग नवरात्राच्या आधी देवीची पालखी जायची म्हनून मुरूम आमीच टाकनार! तुमी टाकनार काय?"

"हे किती वर्षांपासून चालते?" अध्यक्षांनी विचारले. 'लई वर्षं' हेच उत्तर येणार, अशी मला भीती वाटली.

"ते आमाला ठावं न्हाई. पन ज्या घरात नवी सून येती ती त्या साली पैली पाटी टाकती. तिच्या पाटीबिगर दुसरी पाटी पडत न्हाई. माझं लगीन झालं तवा सासूनं ह्या डोक्यावर पाटी दिली. तिच्या डोक्यावर तिच्या सासूनं दिली हुती. माझ्यामागं ही," त्यांनी जाऊबाईंना पुढे ओढले, "आन् मंग ही माझी सून. इचारा!"

"आपला मोठा मुलगा केवढा असेल, मावशी?" अध्यक्ष म्हणाले.

"त्येच्या पोरी शाळंत जात्यात की वो! रोज तुमच्या नाकासमोरून."

"म्हणजे लग्नाला वीस वर्षे होऊन गेली, यात गणित करण्यासारखे काही उरत नाही," अध्यक्ष म्हणाले. "बाई, आपला कायदा वीसच मागतो ना? येथे दोन पिढ्या हजर आहेत."

मी होकार दिला आणि एकच मुद्दा जोडला. कायद्यात ज्याला वाटेचा हक्क असतो, ती वाट नीट राखण्याचा अधिकारही त्यालाच असतो, आणि खर्चही त्यालाच करावा लागतो. पाहुणा यजमानाचे अंगण सारवत नाही. ही माणसे दर वर्षी स्वतःचे श्रम घालून वाट दुरुस्त करतात, उघडपणे, गात. आणि आमच्यापैकी प्रत्येकाने ते पाहिले आहे. इतक्या साक्षीदारांपुढे सिद्ध झालेला वहिवाटीचा हक्क माझ्या अभ्यासात दुसरा नव्हता, आणि ते सगळे साक्षीदार तक्रार करायला आले होते.

मी तेवढ्यावर थांबले नाही. हक्क सिद्ध झाला म्हणजे आरशाचा प्रश्न मिटला असे नव्हे, आणि सचिवांची काळजी खोटी नव्हती. मी खडू मागितला. वाहनतळाच्या फरशीवर संकुलाचा नकाशा काढला आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दोन रेघा मारल्या. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत कमरेएवढ्या दोन भिंती, वर जाळी, मध्ये वाट. वाट आवारापासून अलग. आमच्यासाठी मधोमध एक लहान फाटक. इमारतीच्या बाजूची ही पट्टी नियमाप्रमाणे मोकळीच ठेवावी लागत असल्याने बांधकामाची जागा कमी होत नव्हती. मोटारी उभ्या करण्याच्या काही जागा मात्र जात होत्या. त्यांतली एक आमची होती आणि एक अध्यक्षांची.

"माझी जागा गेली तरी हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "गाडी माझ्यासारखीच आहे, उन्हात उभी राहिली तरी चालू होत नाही, सावलीतही नाही."

ठराव झाला. पुण्यात पुष्कळ संकुलांची जमीन वर्षानुवर्षे बिल्डरच्याच नावावर राहते, त्यामुळे रहिवाशांना असा करार स्वतःच्या सहीने करताच येत नाही. आमच्या संकुलाची जमीन सोसायटीच्या नावावर झालेली होती, म्हणून हक्क मान्य करणारा दस्त पुढे रीतसर नोंदवता आला. त्याचा मसुदा मी लिहिला.

सभा संपल्यावर सचिव खडूच्या नकाशाशेजारी उभे राहिले होते. मी खोचक काही बोलणार नव्हते, पण तेच म्हणाले, "मॅडम, आमच्या गावाला पांदण म्हणतात याला. पांदणीवरून आमचे भाऊबंद कोर्टात गेलेत, आजोबांचं अख्खं आयुष्य त्यात गेलं. आणि माझ्या डोक्यातच आलं नाही की ही पांदण आहे. खाली पेव्हिंग ब्लॉक होते ना."

प्रबंधात मी हे वाक्य घेतले. त्यांच्या नावाशिवाय, परंतु त्यांच्या अनुमतीने. शेते बुजवून त्यांवर आपण एकच एक करडी फरशी घालतो, आणि मग शेतकऱ्याच्या नातवालाही वाट ओळखू येत नाही. माझ्या दोनशे पानांचा आशय त्या एका वाक्यात आला होता. मार्गदर्शकांनी ते प्रकरण वाचले. "या वेळी 'लई' कोठे दिसले नाही," एवढेच म्हणाले, आणि आम्ही मंडईत गेलो.

पास वाटले गेले नाहीत. पण सचिवांनी प्रत्येकाला त्याचा फोटो पासातून काढून दिला. मावशींचा फोटो त्यांच्या देव्हाऱ्याशेजारी चौकटीत लागला. पदर डोक्यावर, आणि हसणे खरोखरच चांगले आले आहे.

भिंती झाल्या. पुढच्या वर्षी मावशींच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले. नवी सून बारावी झालेली, एका कंपनीत फोनवर बोलण्याच्या कामाला होती. नवरात्राच्या आदल्या आठवड्यात मी शाळेला निघाले, तेव्हा वाटेच्या पश्चिमेच्या टोकाशी बायका जमलेल्या दिसल्या. खाली सिमेंटचे ठोकळे तसेच होते. मुरुमाची आता काही गरज नव्हती, आणि ठोकळ्यांवर तो टिकणारही नव्हता. तरीही नव्या सुनेने पाटी डोक्यावर घेतली, जाळीच्या मधल्या वाटेने चार पावले आली आणि पाटी उलटी केली. तांबडा मुरूम करड्या फरशीवर पसरला. आमचा झाडणारा फाटकापाशी झाडू घेऊन उभा होता, आणि सचिव त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवून होते.

"यंदा येकच पाटी," मावशी मला म्हणाल्या. "फरशी हाय तर उगा कशाला घाम गाळायचा? पन पैली पडली पायजे."

सुनेने हात झटकले आणि पदर सारखा केला. बस यायची वेळ झाली होती. तिच्या गळ्यातल्या निळ्या पट्टीला कंपनीचे ओळखपत्र लटकत होते, फोटोसकट. माझी नजर तिकडे गेलेली मावशींनी पाहिली.

"हिला पास हाय बाई," त्या म्हणाल्या. "पन त्यो कंपनीत शिरायला. हितं न्हाई लागत."